मोठ्यानं बोल

“शीतल, अजून एक पाऊल मागं घे,” मृणालताई म्हणाल्या.

काचेच्या पलीकडं शीतल मागं सरकला आणि पुन्हा गायला लागला. टेबलावरचा लाल दिवा पुन्हा पेटला. आवाज माइकला पेलेनासा झाला की तो दिवा पेटायचा.

“अजून एक.”

चौथ्या वेळी त्याची पाठ भिंतीला टेकली. त्यानं हेडफोन काढला आणि विचारलं, “ताई, आता रस्त्यावर जाऊन म्हणू काय?”

मुनाफ सोफ्यावर लोळून हसला. मृणालताईही हसल्या. हसलो मीही, पण मला आतून लाज वाटत होती. पुण्यातला तो थंडगार स्टुडिओ, भिंतीवर टांगलेल्या दहा-बारा गिटारी, मृणालताईंचं हळू आणि स्वच्छ बोलणं. आणि आमचा गायक हा असा, आठवडी बाजारात उभा असल्यासारखा.

ही २०१० च्या फेब्रुवारीतली गोष्ट. आम्ही तिघं इचलकरंजीचे, बँडचं नाव ‘खटका’. शीतल आवटे गायचा आणि बास गिटार वाजवायचा, मुनाफ मोमीन ड्रमवर, आणि मी, प्रसन्न मुरदंडे, गिटारवर. आमच्या भागात शीतल हे पुरुषाचं नाव असतं. पुण्या-मुंबईत कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न यायचा, “अरे वा, मुलगी गाते का तुमच्यात?” मग शीतल तोंड उघडायचा आणि तो प्रश्न मिटायचा.

त्याचा आवाज तसा का, हे आमच्या गावात कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं. त्याचे वडील, आण्णा, पस्तीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचा आणि बाकीचा वेळ त्या खडखडाटात उभं राहायचं. पन्नाशी गाठायच्या आधीच त्यांचे कान गेले. शीतलच्या घरात साधं ‘मीठ द्या’सुद्धा ओरडून म्हणायचे. मी पहिल्यांदा त्याच्याकडं गेलो तेव्हा मला वाटलं, आत भांडण पेटलंय, आपण परत जावं. आण्णा त्याला फक्त विचारत होते की दुपारी आमटीत आमसूल टाकू का चिंच.

त्याच घरातनं ते गाणं आलं. एका रविवारी शीतल कागद घेऊन आला. गाण्यात बापच बोलत होता.

*मोठ्यानं बोल लेका, मोठ्यानं बोल,*
*कानात माझ्या माग हाय, त्येच्याहून मोठ्यानं बोल.*

शेवटच्या कडव्यात तो हे इतक्या वरच्या पट्टीत न्यायचा की आवाज फाटायचा, आणि तिथंच ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. मुनाफ खाली ड्रमवर चार माग एकदम सुरू झाल्यासारखं वाजवायचा. सांगलीच्या एका कॉलेजच्या कार्यक्रमात आम्ही ते वाजवलं, कुणीतरी मोबाइलवर घेऊन इंटरनेटवर टाकलं, आणि महिन्याभरात मुंबईच्या एका म्युझिक कंपनीच्या साहेबांचा फोन आला.

फोन मला आला. बाहेरच्या लोकांशी बोलायचं काम माझ्याकडंच असायचं. माझी आई शाळेत मराठी शिकवायची. आमच्या घरात ‘हाय’ आणि ‘न्हाई’ला उंबऱ्याच्या आत बंदी होती. त्यामुळं माझी जीभ पुण्यात खपून जायची.

“चाल डोक्यातून जात नाही राव,” साहेब म्हणाले. “पण तो गायक ओरडतो का एवढा? जरा गोड करा. पुण्यात मृणाल दाणींकडं जा, तीन दिवस देतो. छान झालं तर मार्चमध्ये काढू आपण.”

मी शीतलला एवढंच सांगितलं की पुण्याला जायचंय.

पहिल्या दिवशीची ती लाल दिव्याची कसरत संपल्यावर मृणालताईंनी शीतलला बाहेर बोलावलं. बाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, तीस वर्षं ह्याच धंद्यात.

“एकदा हळू गाऊन बघशील? निम्म्या आवाजात?”

“बघतो की.”

त्यानं बघितलं. पण निम्म्या आवाजात शीतलला सूरच सापडेना. आयुष्यात ज्यानं कधी हळू बोलायची वेळ पाहिली नव्हती, तो हळू गाणार कसा? दोनदा खाली घसरला, एकदा शब्द विसरला. मृणालताईंच्या हाताखालचा एक इंजिनिअर ‘त्येच्याहून’ ऐकून हसला. मी त्याच्याकडं बघून हसलो. शीतलनं काचेतनं आम्हा दोघांना बघितलं.

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, “पश्या, जमंना झालंय. काय करूया?”

“झोप काढ आज. उद्या बघू,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणालताईंना आदल्या दिवशी रेकॉर्ड केलेल्या ड्रमचं काहीतरी जुळवायचं होतं आणि शीतलला दुपारपर्यंत काम नव्हतं. त्याला लक्ष्मी रोडवर आण्णांसाठी कानाचं मशीन बघायचं होतं. इचलकरंजीत मिळायची ती मशीनं आण्णा दोन दिवसांत काढून ठेवायचे. म्हणायचे, डोक्यात गोमाशी शिरल्यासारखं होतंय. मुनाफचा मावसभाऊ कॅम्पात राहायचा, त्याला पुणं माहीत होतं. म्हणून मुनाफही शीतलबरोबर गेला.

ते चारच्या सुमारास परत आले तेव्हा मी काचेच्या आत होतो, हेडफोन घालून, माइकला ओठ लावून. माझी ती ओळ संपली. डोळे उघडले तर समोर मृणालताईंच्या खुर्चीमागं शीतल उभा होता आणि त्याच्या हातात मशीनचा डबा होता.

मी बाहेर आलो. मीच आधी म्हणालो, “कंपनीचा फोन आला होता. ते म्हणतात, असंच पाहिजे.”

“ऐकव की,” शीतल म्हणाला.

इंजिनिअरनं बटण दाबलं. मुनाफच्या ड्रमच्या जागी एक मऊ टाळीसारखा ठेका होता. वर पियानो. माझी गिटार दूरवर कुठंतरी झिरपत होती. आणि त्यावर माझा आवाज, कानाशी कुजबुजल्यासारखा.

*हळूच बोल ना, हळूच बोल,*
*कानात माझ्या गुपित हे, ओठांहून हळूच बोल.*

चाल शीतलचीच. ती एवढी गोड आहे हे मलाही त्या दिवशीच कळलं होतं.

“आरं, हे काय हाय?” मुनाफ म्हणाला. “माझं ड्रम कुठं गेलं? आन् हे ‘हळूच’? पश्या, त्येच्या बाचं गाणं हाय रं ते!”

“मला काय सांगतोस? कंपनीला सांग.”

“लाव फोन. सांगतो.”

“मुनाफ,” शीतल म्हणाला, “थांब जरा.” मग माझ्याकडं वळला. “हे ‘हळूच’ कुणी केलं?”

“कंपनीनं,” मी म्हणालो.

त्यानं डबा सोफ्यावर ठेवला आणि म्हणाला, “एकदा आत जा. परत म्हण. दुसऱ्या ओळीला घाई करायलायस तू.”

मी आत गेलो, हेडफोन घातला. माझा एक टेक झाला, दुसरा झाला. मग शीतल स्वतः दार उघडून आत आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला.

“‘बोल’मधला ‘ल’ लगेच सोडू नको. धर. समोरचं माणूस उत्तर द्यायचं थांबलंय, असं समज. हां. आता म्हण.”

मी म्हटलं. त्यानं मान हलवली. पुन्हा म्हणायला लावलं. पाऊण तास तो मला त्याचंच गाणं शिकवत होता. आज ते गाणं ज्यांना ठाऊक आहे, त्या सगळ्यांना तो लांबवलेला ‘ल’च लक्षात राहिलाय. मुलाखतींत मला विचारायचे, ही हरकत कुठून सुचली? मी म्हणायचो, सुचली आपली.

त्या संध्याकाळी मुनाफ आमच्याशी बोलला नाही. शीतलच त्याची समजूत काढत होता. “एक गाणं जाऊ दे की बाहेर. लोकांनी नाव तर ऐकू दे. मागनं आपली दुसरी काढू, आपल्यागत.”

मार्चमध्ये गाणं निघालं. एप्रिल-मेच्या लग्नसराईत ते हॉलाहॉलातनं वाजलं. नवरा-नवरीच्या व्हिडिओखाली ते, मोबाइलच्या रिंगला ते, रेडिओवर रोज दुपारी ते. आमचे फोटो छापून आले. फोटोत मी मध्ये, ते दोघं मागं. कंपनीला दुसरं गाणं तसंच पाहिजे होतं, आणि मग तिसरंही. शीतल नवी गाणी लिहून आणायचा. मी त्यातले शब्द धुऊन घ्यायचो, त्याची पट्टी खाली आणायचो. रेकॉर्डिंगला ड्रम लागेनासेच झाले. मुनाफ सहा महिने कार्यक्रमांत प्लॅस्टिकच्या पॅडवर काड्या मारत बसला. एक दिवस त्यानं काड्या माझ्या हातात दिल्या आणि वडिलांच्या सायझिंगमध्ये, सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला लागला.

आण्णांना पुण्यातलं ते मशीन मानवलं. हे मला मुनाफनं सांगितलं, फार नंतर. मशीन कानात घालून ते टीव्हीपुढं बसले होते आणि आमचं गाणं लागलं. घरातले सगळे गप्प झाले. आण्णांनी पूर्ण ऐकलं. मग शीतलला विचारलं, “ह्यात तू कुठं हाईस?”

“मागं हाय आण्णा. बास वाजवतोय.”

“मला ऐकू आला न्हाईस,” आण्णा म्हणाले. आणि मशीनमध्येच काही बिघाड असेल म्हणून ते काढून, फुंकर मारून, पुन्हा घातलं.

शीतल आणखी वर्षभर राहिला. मिरजेच्या एका कार्यक्रमात, शेवटच्या गाण्याआधी, तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, “आज जुनं म्हणूया काय? मी म्हणतो. एकदाच.”

समोर तीन हजार लोक होते. पहिल्या रांगेत कंपनीचे साहेब होते.

“लोकांना ते माहीत नाही रे,” मी म्हणालो. “नंतर कधीतरी.”

“बरं,” तो म्हणाला. त्यानं त्या रात्री शेवटपर्यंत बास वाजवला, एकही सूर न चुकता. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला की आण्णांची तब्येत बरी नाही, ह्यापुढं जमणार नाही. मी त्याला थांबवायला गेलो नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

मी मुंबईला गेलो. चार-पाच वर्षं चाललं माझं. मग लोकांना दुसरे आवाज गोड वाटायला लागले, आणि ते होणारच होतं. आता मी जाहिरातींना संगीत देतो. बरं चाललंय. आण्णा वारल्याचं मला तीन महिन्यांनी कळलं, तेही कुणाच्या तरी मेसेजमधून. मी फोन केला नाही. काय बोलणार होतो?

एवढी वर्षं मी सगळ्यांना एकच सांगत आलो. बायकोला, मित्रांना, मुलाखती घेणाऱ्यांना. कंपनीनं आमच्या गाण्याची वाट लावली, आम्ही पोरं होतो, आमचं काय चालणार. ऐकणारे हळहळायचे. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

गेल्या वर्षी मृणालताई गेल्या. शोकसभेत एक जण बोलताना म्हणाला, ताईंनी गायकाचा आवाज कधी मोडला नाही, माइक मोडला असेल. लोक हसले. मी तिथनं उठलो आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसलो.

कारण त्या दिवशी कंपनीचा फोन आलाच नव्हता.

शीतल आणि मुनाफ लक्ष्मी रोडला गेले त्या सकाळी मृणालताईंनी मला आदल्या दिवशीचा टेक ऐकवला होता, तोच, भिंतीला पाठ टेकून गायलेला. शेवटच्या कडव्यापाशी त्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, “हा आवाज असाच राहिला पाहिजे. कंपनी कुरकुर करेल, मी बोलते त्यांच्याशी. फार तर मार्चच्या ऐवजी मेमध्ये काढतील, जाहिरात कमी करतील. पण हे गाणं हेच आहे. तुला काय वाटतं?”

मला काय वाटत होतं? मला मार्च पाहिजे होता. मला त्या इंजिनिअरनं पुन्हा हसायला नको होतं. आणि खरं म्हणजे, मला गायचं होतं. पाच वर्षं मी त्याच्या शेजारी गिटार धरून उभा होतो.

“ताई, मी एकदा म्हणून बघू?” मी विचारलं. “हळू. नुसतं गंमत म्हणून.”

मी म्हटलं. पण ‘मोठ्यानं बोल’ हळू म्हणता येईना, ते हास्यास्पद वाटायला लागलं. मग मी पेन मागितलं. दहा मिनिटांत कागदावर ‘मोठ्यानं’ खोडून ‘हळूच’ लिहिलं. ‘माग’ खोडून ‘गुपित’ लिहिलं. ‘लेका’ काढून टाकला. बाप गेला आणि त्या जागी कुणीतरी प्रेयसी आली. ताईंनी ऐकलं, मऊ ठेका लावून बघितला. गोड झालं होतं, हे त्यांनाही नाकारता आलं नाही.

“शीतलला विचारलंस?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हणालो. “मगाशी फोन केला. तो म्हणाला, चालेल.”

शोकसभेनंतर आठ दिवसांनी मी इचलकरंजीला गेलो. शीतलचं आता स्वतःचं वर्कशॉप आहे, ऑटोलूमचे, म्हणजे नव्या स्वयंचलित मागांचे, सुटे भाग दुरुस्त करतो. दुपारचे बारा वाजले होते. तो लेथच्या शेजारी उभा राहून एका कामगाराला काहीतरी दाखवत होता. केस पिकलेले, अंगानं भरलेला. मला बघून त्यानं हात पुसले.

“आलास व्हय? बस. चहा सांगू?”

आवाज तोच. बाहेरच्या रस्त्यापर्यंत जाणारा.

आम्ही मागच्या खोलीत बसलो. त्यानं माझ्या मुलीची चौकशी केली, मी त्याच्या मुलांची. मुनाफच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, असं तो म्हणाला. चहा आला, संपला. मग मी म्हणालो, “शीतल, ते ‘हळूच’ मी केलं होतं. कंपनीनं नाही. फोनच आला नव्हता कुणाचा.”

“म्हाईत हाय,” तो म्हणाला.

मला वाटलं, त्याला नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागलो तसा त्यानं हातानंच थांबवलं.

“त्याच दिवशी कळलं. मी येऊन उभारलो तवा तू आत हेडफोन घालून डोळे मिटून गात हुतास, मुनाफ अजून खाली रिक्षाचे पैसे देत हुता. मृणालताई म्हणाल्या, ‘तू फोनवर हो म्हणालास म्हणून मी पुढं गेले.’ मी म्हटलं, कसला फोन? बाई पांढऱ्या पडल्या. म्हणाल्या, ‘शीतल, तू एकदा नको म्हण, मी हे आत्ताच्या आत्ता पुसते.’”

“मग?”

“मग तू बाहेर आलास.”

बाहेर कामगारानं लेथ मशीन बंद केलं.

“नको का म्हणाला नाहीस?” मी विचारलं. “मला शिकवत का बसलास?”

त्यानं कप बशीत सरळ ठेवला.

“मी ताईंना म्हटलं, जरा थांबा. त्यो माझा दोस्त हाय, बाहेर आला की सांगंल मला. मग तू कंपनीचं नाव घेतलंस. मला वाटलं, मुनाफपुढं लाजला आसंल. आत एकटा आसताना सांगंल. म्हणून आत आलो. पाऊण तास हुतो तुझ्याजवळ. तू नुसता ‘ल’ धरत बसलास.”

मी खाली बघत होतो.

“मग वर्षभर वाटलं, आज सांगंल, उद्या सांगंल. मिरजेला तर म्हटलं, आज तुला सांगायला वाट करून देऊया. जुनं म्हणूया म्हटलं.” तो थांबला. “गाण्याचं काय न्हवतं रे पश्या. गाणं मी तुला मागितल्यावर दिलंच आसतं.”

बाहेरून कुणीतरी त्याला हाक मारली. तो उठला. मीही उठलो. दारापर्यंत आम्ही बरोबर चालत गेलो.

“उशीर केला मी,” मी म्हणालो.

“केलास,” तो म्हणाला, आणि कामाला गेला.